कुमारवयीनांची आत्मप्रतिमा आणि लिंगभेद : काही आक्षेप

शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर प्रबंधिकांची सूची चाळू लागले म्हणजे एक विषय वारंवार आढळतो. माध्यमिक शाळेतील मुलगे आणि मुली यांच्या आत्मप्रतिमेची तुलना हा तो विषय होय. गावाचे नाव बदलते, इयत्ता बदलते, मापिका क्वचित बदलते. परंतु शेवटच्या प्रकरणातील निष्कर्ष दोहोंपैकी एका साच्यात बसतो : एक तर 'सार्थक फरक आढळला नाही', अथवा 'सार्थक फरक आढळला'. पहिल्या प्रकारच्या प्रबंधिकेत समान शिक्षणामुळे मुली मुलग्यांच्या बरोबरीस आल्या, असे स्पष्टीकरण असते. दुसऱ्या प्रकारच्या प्रबंधिकेत आपल्या समाजातील स्त्रीचे दुय्यम स्थान हे कारण सांगितलेले असते. दोन्ही स्पष्टीकरणे प्रदत्त गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवता आली असती, असे म्हटल्यास ते कठोर होईल; पण असत्य होणार नाही.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती प्रथम तपासावयास हवी. क्रिस्टन क्लिंग, जॅनेट हाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये आत्मसन्मानाविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात 97,121 व्यक्तींवर आधारलेली 216 परिणाम-माने होती. दोन गटांच्या मध्यमानांतील अंतराला प्रमाण विचलनाने भागले असता जी संख्या येते ती परिणाम-मान. ती येथे सरासरीने 0.21 भरली व कल पुरुषांच्या बाजूचा होता. वयानुसार विभागणी केली तेव्हा हे अंतर कुमारवयाच्या उत्तरार्धात, म्हणजे पंधरा ते अठरा या वर्षांत, सर्वाधिक म्हणजे 0.33 आढळले. आता आपल्या प्रबंधिकांकडे वळू. वस्तुस्थितीतील अंतर 0.21 आहे असे गृहीत धरू. शंभर मुलगे व शंभर मुली घेणाऱ्या विद्यार्थ्यास टी-मूल्य 1.48 च्या आसपास मिळेल आणि तो 'फरक नाही' असे लिहील. दोनशे मुलगे व दोनशे मुली घेणाऱ्यास ते 2.1 मिळेल आणि तो 'फरक आहे' असे लिहील. दोघांसमोरील वास्तव एकच. भेद आहे तो केवळ किती शाळांचे दरवाजे ठोठावले याचा. आणि त्यावर एकाने समान शिक्षणाचा गौरव केला, तर दुसऱ्याने समाजाला दोष दिला. शून्य परिकल्पनेचा स्वीकार म्हणजे समानतेचा पुरावा नव्हे, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या तासाला सर्वांना सांगितली जाते. निष्कर्षाच्या प्रकरणात मात्र ती कोणाच्या स्मरणात राहत नाही.

0.21 या आकड्याचा व्यवहारातील अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडली, तर मुलग्याचा प्राप्तांक अधिक असण्याचा संभव शंभरात सुमारे 56 वेळा. कोणताच फरक नसता तर तो 50 वेळा असता. 0.33 हे अंतर धरले तरी तो 59 च्या वर जात नाही. दोन्ही गटांचे वक्र एकमेकांवर ठेवले तर पहिल्या उदाहरणात त्यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकमेकांस झाकतो. 'मुली स्वतःस कमी लेखतात' हे सामान्य विधान ज्या सहजतेने शिक्षकांच्या मेळाव्यात केले जाते, त्या सहजतेला या आकड्यांत आधार नाही. हाइड यांनी 2005 मध्ये अशा 46 एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेऊन दाखविले की, स्त्री-पुरुषांमधील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मानसिक फरकांपैकी 78 टक्के फरक अल्प किंवा शून्यवत आहेत.

याचा अर्थ फरक नाहीच, असा करावयाचा काय? तसे करणेही घाईचे होईल. एकूण आत्मसन्मान ही एक सरासरी आहे आणि सरासरीच्या पोटात बरेच काही दडू शकते. ब्रिटनी जेंटाइल व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आत्मसन्मानाच्या निरनिराळ्या क्षेत्रांचे स्वतंत्र विश्लेषण केले. शारीरिक रूप व खेळातील कौशल्य या क्षेत्रांत मुलग्यांचे व पुरुषांचे प्राप्तांक अधिक आढळले (अंतर अनुक्रमे 0.35 व 0.41), वर्तन आणि नैतिकता या क्षेत्रांत स्त्रियांचे अधिक आढळले. अभ्यास, कुटुंब आणि इतरांकडून होणारा स्वीकार या क्षेत्रांत उल्लेखनीय भेद दिसला नाही. येथे विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. जी मुलगी स्वतःला वर्गातील मुलग्याइतकीच हुशार समजते व स्वतःला त्याच्याहून अधिक सरळ मार्गाने वागणारी समजते, तीच आरशापुढे उभी राहिली की खचते. सुझन हार्टर यांनी अनेक वर्षांच्या कार्यातून असे दाखविले आहे की, कुमारवयीनांच्या एकंदर आत्ममूल्याशी सर्वांत निकटचा संबंध शारीरिक रूपाविषयीच्या स्वतःच्या मताचा असतो. आणि हे मुलगे व मुली दोघांच्या बाबतीत खरे आहे. म्हणजे तराजू दोघांचा एकच. मुलींच्या पारड्यात मात्र नेमके तेच वजन कमी पडते. नैतिकतेच्या क्षेत्रात तिला मिळालेली आघाडी येथे फारशी उपयोगी पडत नाही. चांगले वागणे हे तिच्याकडून गृहीतच धरलेले असते, आणि जे गृहीत धरलेले असते त्याचा अभिमान वाटणे कठीण.

आपल्याकडे विशेष प्रचलित असलेल्या रा. कु. सारस्वत यांच्या आत्मसंकल्पना प्रश्नावलीत सहा क्षेत्रे व 48 प्रश्न आहेत. या सहा क्षेत्रांचे प्राप्तांक स्वतंत्रपणे मिळत असूनही पुष्कळ प्रबंधिका त्यांची बेरीज करून एकाच संख्येवर थांबतात. हा आळस म्हणावा की परंपरा, ते कळत नाही.

मापिकांविषयी बोलू लागल्यावर मॉरिस रोझेनबर्ग यांचे नाव टाळता येणार नाही. त्यांच्या दहा विधानांच्या मापिकेचा उल्लेख सर्वत्र होतो. ज्या ग्रंथातून ती आली, तो 'सोसायटी अँड द अ‍ॅडोलेसन्ट सेल्फ-इमेज' हा 1965 चा ग्रंथ मात्र क्वचितच उघडला जातो. न्यूयॉर्क राज्यातील दहा सार्वजनिक विद्यालयांतील 5,024 विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर तो उभा आहे. रोझेनबर्ग यांचा मुख्य प्रश्न 'मुलगे की मुली' हा नव्हता. सामाजिक वर्ग, धर्म, आईबापांचे मुलांकडील लक्ष, कुटुंबातील क्रम यांचा आत्मसन्मानाशी कसा संबंध पोहोचतो, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यातील एक निरीक्षण आपल्याकडील वाचकास विशेष ओळखीचे वाटेल. ज्या मुलग्यांना बहुतेक सर्व थोर्‍या बहिणीच आहेत, अशा धाकट्या मुलग्यांचा आत्मसन्मान इतरांपेक्षा ठळकपणे उंच आढळला. तीन-चार मुलींनंतर नवसाने झालेला मुलगा आपण घरोघरी पाहिलेला असतो. त्याला स्वतःविषयी जे वाटते ते त्याने काही करून दाखविल्यामुळे वाटत नाही. तो जन्मला एवढ्यानेच ते त्याला मिळालेले असते. पण मग त्याच घरातील तिसऱ्या मुलीच्या आत्मप्रतिमेचे काय? हा प्रश्न विचारण्यास कुटुंबरचनेची नोंद असलेली एक साधी माहितीपत्रिका पुरेशी आहे. 'मुलगा' व 'मुलगी' असे दोन रकाने पाडून थांबणाऱ्या संशोधनाला तो कधीही दिसणार नाही. लिंगभेद हा येथे एकट्या व्यक्तीचा गुणधर्म राहत नाही. भावंडांच्या रांगेतील तिच्या जागेशी तो जोडलेला असतो.

येथवर स्वतःविषयीच्या कल्पनेचा विचार झाला. समवयस्कांकडे ही मुले कशी पाहतात, या प्रश्नाच्या बाबतीत तर साधनेच अधिक संशयास्पद आहेत. जेम्स कोलमन यांचा 'द अ‍ॅडोलेसन्ट सोसायटी' (1961) हा या विषयातील मान्यवर ग्रंथ. इलिनॉय राज्यातील दहा विद्यालयांच्या पाहणीवरून त्यांनी असे मांडले की, कुमारांचा एक वेगळा समाज असतो, त्याची स्वतःची मूल्ये असतात आणि त्यात विद्वत्तेला दुय्यम स्थान असते. या पाहणीतील एक प्रश्न प्रसिद्ध आहे : शाळेत आपली आठवण कशासाठी राहावी असे तुम्हांस वाटते? उत्तरासाठी तीन पर्याय होते. मुलग्यांपुढे बुद्धिमान विद्यार्थी, नामांकित खेळाडू आणि सर्वांत लोकप्रिय हे पर्याय ठेवले. मुलींपुढे बुद्धिमान विद्यार्थिनी, शाळेतील उपक्रमांची पुढारी आणि सर्वांत लोकप्रिय हे ठेवले. मुलग्यांनी खेळाडूपदाला अग्रक्रम दिला. मुलींनी तो दिला नाही, हे उघडच आहे. त्यांना तसे म्हणण्याची सोयच नव्हती. त्या काळच्या अमेरिकन विद्यालयांत मुलींच्या क्रीडास्पर्धांना फारसे स्थान नव्हते, त्यामुळे कोलमन यांचा निर्णय व्यवहारदृष्ट्या समजण्यासारखा आहे. परंतु प्रश्न तयार करतानाच जो भेद घालण्यात आला, तो उत्तरांतून निघाला असे मागाहून वाचले जाऊ नये.

कॅरोल गिलिगन यांच्या परंपरेतील लेखनावर याच्या उलट बाजूने आक्षेप घेता येतो. लिन मिकेल ब्राउन यांच्यासह त्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला 'मीटिंग अ‍ॅट द क्रॉसरोड्स' हा ग्रंथ क्लीव्हलँड येथील मुलींच्या एका खाजगी शाळेतील सुमारे शंभर मुलींच्या, पाच वर्षे चाललेल्या मुलाखतींवर आधारलेला आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी आपले मत ठामपणे सांगते, मैत्रिणीशी भांडते, रागावते. बारा-तेराव्या वर्षी तीच मुलगी 'मला माहीत नाही' असे म्हणू लागते आणि मैत्री टिकविण्यासाठी आपला खरा राग गिळते, असे त्यांचे निरीक्षण आहे. ग्रंथ अत्यंत हृद्य आहे. ज्यांनी सातवी-आठवीच्या मुलींना शिकविले आहे त्यांना त्यातील सत्य पटावयास वेळ लागणार नाही. परंतु या शाळेत मुलगे नव्हते. केवळ मुलींचे ऐकून 'हे मुलींचे वैशिष्ट्य आहे' असे म्हणता येत नाही, ही तर्कशास्त्राची प्राथमिक अट होय. ती किती महत्त्वाची आहे, हे निओबी वे यांच्या 'डीप सीक्रेट्स' (2011) या ग्रंथाने सिद्ध केले. त्यांनी मुलग्यांच्या मुलाखती वर्षानुवर्षे घेतल्या. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे आपल्या जिवलग मित्राविषयी, त्याला सांगितलेल्या गुपितांविषयी, त्याच्यावाचून चैन पडत नाही याविषयी मोकळेपणाने बोलत. सतरा-अठराच्या सुमारास तेच मुलगे 'आता तसे काही उरले नाही' असे सांगत. आवाज गमावणे हे केवळ मुलींच्या वाट्यास येते असे नाही. ते मुलग्यांच्याही वाट्यास येते, पण काही वर्षे उशिरा व वेगळ्या दडपणाखाली येते. एका विशिष्ट वयाचीच पाहणी करणाऱ्या संशोधकाला हा काळाचा फरक लिंगाचा फरक वाटेल. मुलगे टोळीने हिंडतात आणि मुली दोघी-दोघींनी गुजगोष्टी करतात, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतील ठाम विधान या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे.

मुली उघड मारामारी करीत नाहीत, पण चहाड्या, बहिष्कार, अबोला यांनी एकमेकींस घायाळ करतात, हे दुसरे असेच विधान. नोएल कार्ड व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 148 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा उघड आक्रमणाच्या बाबतीत मुलगे स्पष्टपणे पुढे असल्याचे दिसले; अप्रत्यक्ष आक्रमणाच्या बाबतीत मात्र मुलगे व मुली यांतील अंतर नगण्य निघाले. मुलगेही चहाडी करतात. फक्त त्यांच्या चहाडीला आपण राजकारण म्हणतो.

आता एका अशा प्रश्नाकडे वळतो, ज्याची चर्चा इंग्रजी ग्रंथांत सापडण्याचे कारण नाही. तो आपल्या भाषेचा प्रश्न आहे. इंग्रजीतील आत्मकथनपर विधान बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करीत नाही. मराठीत 'मी स्वतःला इतरांच्या बरोबरीचा समजतो' किंवा 'बरोबरीची समजते' असे म्हणावे लागते. क्रियापद आणि विशेषण दोन्ही साक्षीला उभी राहतात. प्रश्नावली छापताना बहुधा 'समजतो/समजते' असा तिरकस दंड घालून वेळ निभावली जाते. यात मुलग्याचे रूप सर्वत्र आधी येते, आणि मुलीस प्रत्येक विधानात आपले रूप दंडापलीकडून उचलून घ्यावे लागते. मुलगा स्वतःविषयी विचार करीत असताना मुलीला स्वतःविषयी 'मुलगी म्हणून' विचार करण्याची आठवण दर ओळीस करून दिली जाते. याचा प्राप्तांकावर परिणाम होतोच असे येथे म्हणावयाचे नाही. तो होतो की नाही, हे पाहण्याजोगे आहे, आणि ते पाहण्यास लागणारा खर्च दोन स्वतंत्र नमुने छापण्याएवढाच आहे.

याहून गंभीर अडचण 'मुले' या शब्दाची. व्याकरणाने तो नपुंसकलिंगी बहुवचन. मुलगे व मुली दोघांचाही त्यात समावेश. पण व्यवहारात, विशेषतः कुमारवयीनांच्या बोलण्यात, 'मुलं' म्हणजे मुलगे. हार्टर यांच्या 1988 च्या मापिकेची रचना अशी की, काही कुमार एका प्रकारचे असतात व इतर काही दुसऱ्या प्रकारचे असतात असे सांगून, आपण त्यांपैकी कोणासारखे आहोत हे विचारले जाते. मूळ हेतू स्तुत्य आहे : दोन्ही प्रकारचे समवयस्क जगात असतात असे कळले की उत्तर देणाऱ्यास संकोच वाटत नाही. मराठीत मात्र 'काही मुलं अशी असतात' असे वाचताच नववीतील मुलगी हे वाक्य दुसऱ्या बाकावरच्या मुलग्यांविषयी आहे असे समजण्याचा संभव फार. समवयस्कांकडून होणाऱ्या स्वीकाराविषयीच्या विधानाचा तर विचारच करून पाहावा. 'वर्गातील मुलांना मी आवडतो' हे विधान मुलग्याच्या तोंडी मैत्रीचे आहे. 'वर्गातील मुलांना मी आवडते' हे मुलीच्या तोंडी गेले की त्याचा अर्थच पालटतो. कोणतीही शहाणी मुलगी, शेजारी बसलेल्या मैत्रिणीची नजर कागदावर पडेल या भीतीने, त्यापुढे 'नाही' असे लिहील. मग संशोधक नोंद करील की, मुलींना समवयस्कांकडून होणाऱ्या स्वीकाराविषयी खात्री वाटत नाही! 'समवयस्क' हा शब्द वापरून सुटका होत नाही, कारण तो शब्द आपल्याखेरीज कोणी वापरीत नाही. 'वर्गातले मित्र-मैत्रिणी' असे लिहिल्यास दुसरा प्रश्न उभा राहतो, कारण ज्या शाळेत मुलगा व मुलगी एकमेकांशी बोलले तरी कुजबुज होते, तेथे मुलीला 'मित्र' असणे ही साधी माहिती राहत नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (2004) या कादंबरीतील नववीचा वर्ग अनेकांच्या स्मरणात असेल. ती सारी कथा मुलग्याच्या दृष्टीतून आली आहे आणि दुरून पाहणे, अर्थ लावणे यांवरच त्यातील बराचसा मानसव्यवहार चालतो. ललित लेखकाने एकच दृष्टी स्वीकारणे हा त्याचा अधिकार आहे. संशोधकाला तो नाही.

नमुन्याच्या निवडीविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आपले जवळजवळ सर्व अभ्यास शाळेच्या पटावरील मुलामुलींवर होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. यांपैकी पुष्कळजणी दहावी-अकरावीच्या वर्गात प्रश्नावली वाटली जाते तेव्हा तेथे नसणार. म्हणजे जसजसे वय वाढते तसतसा मुलींचा नमुना निवडक होत जातो. ज्यांच्या घरी शिकण्यास पाठिंबा आहे त्या उरतात. अकरावीतील मुलग्यांशी त्यांची बरोबरी झाली, तर तिचे श्रेय कोणाला द्यावयाचे, हे ठरविण्यापूर्वी पटावरून गळलेल्या नावांची संख्या तरी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी.

हे सर्व आक्षेप मांडल्यावर एका अभ्यासाचा आदराने उल्लेख करावासा वाटतो. कारण लिंगभेदाचा शोध कसा घ्यावा, याचा तो नमुना आहे. रॉबर्टा सिमन्स व डेल ब्लाइथ यांचा 'मूव्हिंग इन्टु अ‍ॅडोलेसन्स' हा ग्रंथ 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. मिलवॉकी शहरात दोन प्रकारच्या शाळा होत्या. काही मुले आठवीपर्यंत एकाच शाळेत राहत. इतरांना सहावीनंतर मोठ्या, अनोळखी शाळेत जावे लागे. सिमन्स व ब्लाइथ यांनी त्याच मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सातवीत शाळा बदलावी लागलेल्या मुलींचा आत्मसन्मान घसरला. जुन्याच शाळेत राहिलेल्या त्याच वयाच्या मुलींचा तसा घसरला नाही. मुलग्यांच्या आत्मसन्मानात शाळाबदलामुळे अशी घसरण आढळली नाही. ज्या मुलींच्या बाबतीत शाळा बदलणे, शरीर बदलणे आणि मुलग्यांबरोबर हिंडणे-फिरणे सुरू होणे या गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यांची अवस्था सर्वांत बिकट दिसली. येथे 'मुलगी असणे' हे कारण म्हणून पुढे केलेले नाही. कोणत्या मुलीवर, कोणत्या वयात, कोणता भार एकदम पडला, हे सांगितले आहे. आणि त्या भारापैकी एक भाग, म्हणजे शाळांची रचना, माणसांनी ठरविलेला व माणसांना बदलता येण्याजोगा आहे.

याच्या तुलनेत 1991 मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, पुष्कळ गाजलेल्या पाहणीकडे पाहावे. आपण जशा आहोत तशा समाधानी आहोत असे म्हणणाऱ्या मुलींचे प्रमाण प्राथमिक शाळेतील 60 टक्क्यांवरून वरिष्ठ विद्यालयात 29 टक्क्यांवर येते, तर मुलग्यांचे 67 वरून 46 वर, हे तिचे आकडे वृत्तपत्रांनी उचलून धरले. हे विधान 'नेहमीच खरे' मानणाऱ्यांचीच ही गणना आहे. 'बहुतांशी खरे' म्हणणारे तीत नाहीत. कृष्णवर्णीय मुलींचा आत्मविश्वास गौरवर्णीय मुलींच्या तुलनेत बराच टिकून राहिल्याचे त्याच पाहणीत दिसले होते. परंतु 'मुलींचा आत्मविश्वास ढासळतो' या मथळ्यात त्यांना जागा मिळाली नाही. मथळ्याने सार्वजनिक लक्ष वेधले, हे खरे. पण कोणत्या मुलींना कशाची गरज आहे, हे त्यातून समजत नाही.

आपल्याकडे सिमन्स-ब्लाइथ यांच्या पद्धतीस अनुकूल परिस्थिती आयती उपलब्ध आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत आहेत, अनेक सातवीपर्यंत. पुढे काही मुलींना गावातच माध्यमिक शाळा मिळते, काहींना चार-पाच किलोमीटरवरील दुसऱ्या गावी चालत, सायकलने अथवा एस.टी.ने जावे लागते. एकाच तालुक्यात हे सर्व प्रकार सापडतात. सातवीच्या अखेरीस एकदा आणि आठवीच्या दिवाळीनंतर पुन्हा, त्याच मुलामुलींना, दोन स्वतंत्र व्याकरणशुद्ध नमुन्यांत छापलेली, क्षेत्रवार प्राप्तांक देणारी एखादी मापिका द्यावी. घरात भावंडे किती व कोणत्या क्रमाने, शाळा किती दूर, सोबत कोण, ही माहिती टिपून घ्यावी. आणि जी मुलगी आठवीत आलीच नाही, तिचेही नाव यादीतून न काढता ती कोठे गेली याची चौकशी करावी. एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या कालमर्यादेत हे बसते. शंभर अधिक शंभर मुलांचे टी-मूल्य काढण्यास जेवढे श्रम पडतात त्याहून ते थोडे अधिक आहेत, एवढेच.